सागर किनारा सोसायटी, सांगली

बिल्डरच्या थोरल्याचं नाव सागर,
आणि कुंपणापासून कृष्णा दीड किलोमीटर,
म्हणून किनारा.
पत्रकात लिहिलं होतं: कुटुंबासाठी उत्तम,
मुलांना बाग, आजोबांना बाक,
शाळेची गाडी थेट गेटपर्यंत.
मी देवगडची. नाव वाचून हसले होते,
आणि सही करताना, खरं सांगते,
त्या नावालाच भुलले होते.

इथे समुद्र बुधवारी येतो,
थर्माकोलच्या पेटीत, बर्फावर,
खैरूनमावशीच्या स्कूटरवरून.
ती हाक मारत नाही. गेटबाहेर थांबून
मला फक्त मिस्ड कॉल देते.
खाली मगदूम काकू राहतात. जैन.
मी खिडक्या लावून बांगडा तळते,
पंख्याचं तोंड मागच्या उसाकडे.
काकूंना कळतं. काकू काही म्हणत नाहीत.
गुरुवारी जिन्यात भेटल्या
की जरा लांबून हसतात, एवढंच.

संध्याकाळी बागेत भडंगाचे पुडे,
कुपवाडहून पहिली पाळी करून आलेले बाप,
सायकलीवरून भांडणं,
आणि सी विंगच्या अर्धवट बांधकामापुढं
वाळूचा ढीग.
त्याला पोरं बीच म्हणतात.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी
खुर्ची उचलून दुसरीकडे जाऊन बसले.

मग तो ऑगस्ट.
ग्रुपवरचं शुभ सकाळ बंद झालं,
कोयनेचे दरवाजे आणि आयर्विन पुलाचे फूट येऊ लागले.
पाणी आलं तेव्हा आवाज नव्हता.
गटाराच्या झाकणातून वर आलं,
पाहुण्यासारखं चपलांपाशी थांबलं,
मग चपला घेऊनच आत गेलं.
दुसऱ्या सकाळी तळमजल्याचे पंखे बुडाले होते.

मी गॅलरीत उभी राहून घड्याळ बघत होते.
सहा तास. माझ्या अंगातच आहे ते.
भरती कितीही माजली तरी सहा तास,
मग तिचं तिला जावंच लागतं.
सहा झाले. बारा झाले.
आईचा फोन आला, "पाणी उतारला काय गो?"
म्हटलं, आई,
ह्याला परत जायला कुणी शिकवलेलंच नाही.

काकू वर आल्या आमच्याकडे,
एका हातात कुकर, दुसऱ्यात पिठाचा डबा,
पितळी मूर्ती पदरात गुंडाळलेली.
स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या.
माझ्या कढईकडे बघितलं.
माझ्याकडे बघितलं.
आणि आपला कुकर माझ्या शेगडीवर ठेवला.

वीज नव्हती, मेणबत्त्या दोनच.
काकू दिवस मावळायच्या आत जेवतात,
मग आम्हीही जेवलो,
वरचे खानविलकर जेवले,
चौथ्या मजल्यावरची भाड्याची पोरं जेवली.
कांदा तर पहिल्याच दिवशी संपला होता.
पाच दिवस अख्खी बी विंग
ऊन असतानाच हात धुऊन मोकळी,
मग अंधारात नुसत्या गप्पा,
आणि खाली पाणी भिंतींना चाटत असलेलं.

सहाव्या दिवशी होडी आली.
पोरं ओरडली, जणू सहलच निघालीय.
होडीवाल्यानं दोर फेकला,
मी न बघता गजाला गाठ मारली,
बाबांनी शिकवलेली, ओढेल तेवढी घट्ट होणारी.
तो गाठीकडे बघत राहिला.
"तुम्ही कुठल्या?"
"बी विंग," मी म्हणाले.

नंतर गाळ. नुसता गाळ,
फ्रिजमध्ये, वह्यांत, देवळ्यांत,
सागर किनाऱ्याच्या पाटीतल्या अक्षरांत.
वाळूचा ढीग गेला तो गेलाच.
जिन्याखाली खराटा मारताना ऋजुताला
एक शिंपला सापडला, नखाएवढा, तपकिरी.
मी तिला गोष्टी सांगितलेल्या होत्याच,
म्हणून तिनं तो कानाला लावला.
बराच वेळ.
काय येतंय ऐकू?
"काही नाही," म्हणाली,
"काकूंचा कुकर."